एकदा दिलेला नंबर परत वापरायचा नाही

मंडळी, आज विषय जरा कोरडा आहे. नुसतं नाव ऐकून निम्मे लोक चहा टाकायला उठतील: बायनरी सीरियलायझेशन. चहा जरूर टाका, पण परत या. विषय कोरडा असला तरी त्यात जे बिघडतं ते शेवटी कुणाच्या तरी पासबुकात बिघडतं, आणि ज्याचं बिघडतं त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला भांडायचंय त्याला सोपं जाईल. नेटवर्कवरून जाणारा डेटा आणि डिस्कवर राहणारा डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण (म्हणजे माझ्या वयाचे इंजिनियर) त्या एकाच तराजूत तोलतो. नेटवर्कवरचा निरोप काही मिलिसेकंद जगतो. पाठवणारा आणि घेणारा दोघंही आजचेच असतात, भांडण झालं तर दोघांनाही दुरुस्त करता येतं. डिस्कवरचा रेकॉर्ड मात्र वीस-वीस वर्षं जगतो. त्याला वाचणारा प्रोग्राम अजून लिहिलेलाच नसतो, आणि लिहिणारा कदाचित आत्ता बालवाडीत असतो. त्याच्यासाठी आपण आज काहीतरी कबूल करून ठेवतो. तेव्हा कबूल तेवढंच करावं जेवढं पाळता येईल.

आता ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. प्रोग्राम चालू असताना त्याच्याकडची माहिती मेमरीत विखुरलेली असते: इथे नाव, तिथे रक्कम, पलीकडे तारीख. ती डिस्कवर ठेवायची तर एका रांगेत मांडावी लागते. ही मांडणी म्हणजे सीरियलायझेशन. कुठल्या जागी काय आहे हे ठरवणारा कागद म्हणजे स्कीमा. घर बदलताना आपण खोकी भरतो आणि वर मार्करने 'स्वयंपाकघर', 'पुस्तकं' लिहितो ना, तसंच. फरक एवढाच की इथे खोकी उघडणारा माणूस वेगळा असतो, आणि त्याच्याकडे बऱ्याचदा मार्करने लिहिलेलं काहीच नसतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. कल्पनेतली एक पतसंस्था घ्या. तिच्या खात्याच्या रेकॉर्डमध्ये १ नंबरला खाते क्रमांक, २ ला नाव, ३ ला शिल्लक (पैशांत), ४ ला पत्ता आणि ५ ला व्याजदर. हे सगळं प्रोटोकॉल बफर्समध्ये साठवलेलं आहे असं समजू. गुगलने हे स्वतःच्या वापरासाठी २००१ पासून बनवलं आणि जुलै २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. आज निम्मं जग ते वापरतं, कळत किंवा नकळत.

त्याची गंमत बघा. महिन्याची अखेर आहे आणि खात्यात तीन रुपये, म्हणजे ३०० पैसे उरलेत (ओळखीचं वाटतंय? :) ). डिस्कवर जातात फक्त तीन बाइट: २४, १७२, २. पहिला बाइट २४ म्हणजे ३ गुणिले ८, अर्थात '३ नंबरची जागा, आणि पुढे येतोय एक पूर्णांक'. पुढच्या दोन बाइटमध्ये आकडा. प्रत्येक बाइटमधले सात बिट आकड्याचे आणि आठवा 'पुढे अजून आहे' असं सांगणारा. १७२ मधून तो १२८ काढला की ४४ उरतात, त्यात २ गुणिले १२८ मिळवा, झाले ३००. हीच गोष्ट एक्सएमएलमध्ये 'बॅलन्स' असा इंग्रजी टॅग उघडून-मिटवून लिहिली तर बावीस बाइट जातात. कोटभर खाती असली की हा फरक जाणवतो.

पण खरी हुशारी जागा वाचवण्यात नाही. ती आहे त्या २४ मध्ये. 'शिल्लक' हे नाव बाइटमध्ये कुठेच नाही, आहे फक्त जागेचा नंबर आणि माहितीची जात. त्यामुळे उद्या तुम्ही नाव बदलून 'चालू शिल्लक' केलंत तरी जुने रेकॉर्ड जसेच्या तसे वाचता येतात. नवीन ६ नंबरची जागा काढलीत तर जुना प्रोग्राम ती ओळखत नाही, पण जात कळल्यामुळे किती बाइट ओलांडून पुढे जायचं हे त्याला बरोबर समजतं. म्हणजे नवा प्रोग्राम जुना डेटा वाचतो, आणि जुना प्रोग्रामही नवा डेटा वाचतो. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. नवा प्रोग्राम सगळ्या शाखांमध्ये एकाच रात्री पोचत नाही, त्यामुळे दोन्ही पिढ्या काही काळ एका घरात नांदतातच.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू भाग.

समजा पतसंस्थेने ठरवलं की व्याजदर प्रत्येक खात्यात ठेवायला नको, योजनेच्या टेबलात ठेवू. ५ नंबरची जागा काढून टाकली. दोन वर्षांनी दुसऱ्याच एका मुलाला 'दंडाची रक्कम (पैशांत)' अशी नवीन जागा हवी झाली. त्याने स्कीमाची फाइल उघडली, १, २, ३, ४ आणि ६ दिसले. मध्ये ५ रिकामा. त्याने तो घेतला. दोन्ही पूर्णांकच, कंपायलर खूश, टेस्ट हिरव्या.

जुन्या रेकॉर्डमध्ये काय आहे? साडेआठ टक्के व्याजदर, बेसिस पॉइंटमध्ये ८५०. डिस्कवर ४०, २१०, ६ असे तीन बाइट. नवा प्रोग्राम तेच तीन बाइट वाचतो आणि त्याला दिसतं: दंड ८५० पैसे. साडेआठ रुपये!

साडेआठ लाख दिसले असते तर पहिल्याच दिवशी फोन वाजले असते. साडेआठ रुपये दंड हा अगदी दिसायला हवा तसा दंड आहे. कुणालाही संशय येत नाही. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही. प्रोग्रामने त्याचं काम चोख केलं, फक्त अर्थ बदलला.

आणि आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. हे कुणाच्या खात्यात होणार? जो रोज व्यवहार करतो त्याचा रेकॉर्ड रोज नव्याने लिहिला जातो. त्यातला जुना व्याजदर गळून पडलेला असू शकतो. जुन्या रूपात रेकॉर्ड राहतो तो ज्याचं खातं वर्षानुवर्षं हाललेलं नाही त्याचा. म्हणजे गावाकडच्या आजी, ज्यांनी ठेव ठेवली आणि पावती कपाटात साड्यांखाली सरकवली. परदेशी गेलेला मुलगा. वारलेल्या माणसाचे वारस, ज्यांना खातं आहे हेच माहीत नाही. जी माणसं तक्रार करण्याची शक्यता सगळ्यात कमी, नेमके त्यांचेच बाइट सगळ्यात जुने. आपण टेस्ट करतो ती काल बनवलेल्या डेटावर, आणि चूक बसते वीस वर्षांपूर्वीच्या डेटावर. स्कीमा बदलताना निष्काळजीपणा केला तर त्याची किंमत गप्प बसणारा माणूस मोजतो. हे मला तांत्रिक प्रश्नाइतकंच सभ्यतेच्या प्रश्नासारखं वाटतं.

'एवढं काय, एक नंबर तर आहे' असं वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला एक किस्सा ऐका. नाइट कॅपिटल नावाची बडी ट्रेडिंग कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला तिने नवीन सोय सुरू केली आणि तिच्या ऑर्डरमध्ये एक जुना फ्लॅग नव्या अर्थाने वापरला. तो फ्लॅग पूर्वी एका वेगळ्याच सोयीसाठी होता, जी २००३ पासून वापरात नव्हती. पण तिचा कोड कुणी काढून टाकला नव्हता. आठ सर्व्हरपैकी सातांवर नवा कोड गेला, एकावर जायचा राहिला. त्या एकाने फ्लॅग पाहिला, त्याचा जुना अर्थ लावला आणि ऑर्डरमागे ऑर्डरी सोडत सुटला. अमेरिकेच्या एसईसी या नियामकाच्या २०१३ च्या आदेशात हिशोब आहे: २१२ छोट्या ऑर्डरींवर प्रक्रिया करता करता सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त व्यवहार, १५४ कंपन्यांच्या शेअर्समध्ये, आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. पुढच्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

हा फ्लॅग डिस्कवर नव्हता, निरोपात होता, हे मान्य. आणि इथे गोंधळ उलट्या बाजूने झाला: जुन्या कोडने नव्या डेटाचा जुना अर्थ लावला. पण मूळ दुखणं तेच आहे. एकाच जागेला दोन अर्थ, आणि दोन्ही अर्थ जिवंत. कोड खराब पोचवला हीही चूक होतीच, पण फ्लॅग नवीन घेतला असता तर मागे राहिलेल्या सर्व्हरला तो कळलाच नसता आणि ती जुनी सोय जागी झाली नसती.

यावरचा उपाय लाजिरवाणा वाटावा इतका सोपा आहे. काढून टाकलेला नंबर कायमचा गाडायचा. प्रोटोकॉल बफर्समध्ये त्यासाठी 'रिझर्व्ह्ड' असा शब्दच आहे. 'रिझर्व्ह्ड ५' असं लिहिलं की पुढच्या माणसाने तो घ्यायचा प्रयत्न केल्यावर कंपायलरच अडवतो. एक ओळ. आणि नंबरांचा तुटवडा नाही, त्रेपन्न कोटींहून जास्त आहेत!

नंबर न वापरणं हा झाला पहिला धर्म. दुसरा त्याहून अवघड आहे: जे आपल्याला समजत नाही ते फेकून द्यायचं नाही.

पुन्हा आपल्या पतसंस्थेत जाऊ. मुख्य शाखेत नवा प्रोग्राम आला, त्यात ७ नंबरला वारसाचं नाव. छोट्या शाखेत अजून जुनाच प्रोग्राम. एक बाई तिथे जाऊन पत्ता बदलून घेतात. जुना प्रोग्राम रेकॉर्ड वाचतो, पत्ता बदलतो, परत लिहितो. ७ नंबर त्याला माहीतच नाही. त्याने ते बाइट बाजूला जपून ठेवले आणि लिहिताना परत घातले तर ठीक. टाकून दिले तर? बाई पत्ता बदलायला गेल्या आणि वारस घालवून आल्या.

हा केवळ माझ्या कल्पनेचा खेळ नाही. २०१६ मध्ये प्रोटोकॉल बफर्सची तिसरी आवृत्ती स्थिर म्हणून बाहेर पडली तेव्हा तिने अनोळखी जागा टाकून द्यायला सुरुवात केली होती. आधीची आवृत्ती त्या जपायची. लोकांना हे जाचलं, आणि २०१७ च्या अखेरीस ३.५ मध्ये जपण्याची पद्धत परत आली. त्याच आवृत्तीने शून्य आणि 'भरलंच नाही' यातला फरकही साध्या आकड्यांसाठी पुसून टाकला होता. वारसाचा हिस्सा शून्य टक्के आणि वारसाचा हिस्सा लिहायचा राहिला, हे एकच कसं असेल? तो फरक दाखवणारा 'ऑप्शनल' हा शब्दही २०२१ मध्ये रीतसर परत आला. जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या इंजिनियरांनासुद्धा 'सोपं करू या' म्हणताना काय सांडतंय ते नंतर कळलं. पण एक निर्णय त्यांनी तिसऱ्या आवृत्तीत अगदी योग्य घेतला. 'रिक्वायर्ड', म्हणजे ही जागा भरलेली असलीच पाहिजे, हा प्रकार काढून टाकला. आज अत्यावश्यक वाटणारी गोष्ट दहा वर्षांनी निरर्थक होते. तेव्हा ती काढायला जावं, तर जुने प्रोग्राम रेकॉर्ड वाचायलाच नकार देतात.

अनोळखी गोष्टीशी कसं वागावं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण तुमच्या फोनमध्ये हजारो वेळा पडलेलं आहे: पीएनजी चित्रं. १९९६ चा हा फॉरमॅट. आत माहितीचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला चार रोमन अक्षरांचं नाव. पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर अर्थ असा की हा तुकडा कळल्याशिवाय चित्र दाखवू नका. स्मॉल असेल तर हा नाही कळला तरी चालेल, पुढे जा. चौथं अक्षर स्मॉल असेल तर चित्र बदललंत तरी हा तुकडा न समजता जसाच्या तसा नव्या फाइलमध्ये नेला तरी चालेल. कॅपिटल असेल तर नेऊ नका, चित्र बदलल्यावर तो खोटा ठरू शकतो. अजून न जन्मलेल्या तुकड्यांशी कसं वागायचं ते नावाच्या अक्षरांतच लिहून ठेवलं! पुढे हलत्या चित्रांची सोय आली, २०२५ मध्ये तिला अधिकृत मानकातही जागा मिळाली, आणि तरीही जुने प्रोग्राम त्या फाइल्स उघडून निदान पहिलं चित्र नीट दाखवतात.

आणि आपलं मराठीचं उदाहरण? आपला 'ॲ'. युनिकोडमध्ये हे अक्षर स्वतंत्रपणे आलं एप्रिल २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, मराठीसाठी. तोवर आपण 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवत होतो. नवं अक्षर आल्यावर जुन्या फॉन्टना ते माहीत नव्हतं, म्हणून स्क्रीनवर चौकोन दिसायचा. चौकोन दिसला तरी खालचे बाइट शाबूत होते. फॉन्ट बदलला की अक्षर दिसायला लागायचं. एखाद्या प्रोग्रामने मात्र शहाणपणा करून त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून फाइल सेव्ह केली तर अक्षर कायमचं गेलं. चौकोन म्हणजे 'मला कळलं नाही', आणि प्रश्नचिन्ह म्हणजे 'मला कळलं नाही म्हणून मी पुसलं'. आपल्या प्रोग्रामने यातलं काय करावं हे वेगळं सांगायला नको.

यात एक शेपूटही आहे. जुना 'अ अधिक चंद्र' आणि नवा 'ॲ' दिसायला सारखे, पण युनिकोडच्या नियमांनुसार ते समान मानले जात नाहीत. त्यामुळे 'ॲप' हा शब्द जुन्या मजकुरात शोधताना आजही चुकामूक होऊ शकते. नवीन जागा काढली म्हणून जुना डेटा आपोआप तिथे राहायला जात नाही. वाचणाऱ्याला दोन्ही रूपं ओळखावी लागतात, कायमची.

आता येतो माझ्या सगळ्यात आवडत्या वादाकडे. 'कशाला हे सगळं? सरळ जेसॉन टाक. वाचता येतं, डिस्क स्वस्त आहे.' प्रत्येक ऑफिसात असं म्हणणारा एक जण असतो, आमच्याकडे तीन आहेत. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. माणसाला डोळ्यांनी वाचता येणारा डेटा पंधरा वर्षांनी फार उपयोगी पडतो, आणि छोट्या कामाला जेसॉन उत्तमच. पण जेसॉन घेतलं म्हणजे स्कीमा बदलाचा प्रश्न सुटला हा भ्रम आहे. तिथे जागेचं नावच नंबराचं काम करतं. नाव बदललं की जुना डेटा मुका. एका रेकॉर्डमध्ये रक्कम आकडा म्हणून, दुसऱ्यात अवतरण चिन्हांत, तिसऱ्यात नाहीच, आणि अडवायला कुणी नाही. आकड्यांचंही तसंच. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे सगळे पूर्णांक अचूक धरू शकत नाही. म्हणूनच ट्विटरला २०१० च्या सुमारास प्रत्येक आयडी आकडा म्हणून आणि मजकूर म्हणून असा दोनदा पाठवावा लागला. जेसॉनमध्येही स्कीमा असतोच. तो कुणीतरी लिहून ठेवलेला नसतो, एवढंच.

दुसऱ्या टोकाला आळशी लोक आहेत, जे भाषेने दिलेलं सीरियलायझेशन तसंच डिस्कवर ओततात. जावाचं घ्या. क्लासला आवृत्ती क्रमांक स्वतः दिला नाही तर तो क्लासच्या रचनेवरून आपोआप काढला जातो. क्लासमध्ये साधी एक पब्लिक मेथड वाढवली की क्रमांक बदलतो, आणि कालची फाइल आज उघडत नाही. पायथनचं पिकल क्लासचं आणि मॉड्यूलचं नाव डेटात लिहितं, फोल्डर नीटनेटके केले की डेटा रुसतो. शिवाय अनोळखी माणसाची पिकल फाइल उघडणं म्हणजे त्याचा कोड आपल्या मशीनवर चालू देणं. कोडची रचना दर आठवड्याला बदलते, डेटाची वीस वर्षं बदलता कामा नये. या दोघांची लग्नगाठ बांधू नये. स्पष्ट सांगतो, दिवसभराच्या कॅशसाठी ठीक, साठवणीसाठी नाही म्हणजे नाही.

मग बायनरीचा धोका काय? आहे, मोठा आहे. स्कीमाची फाइल हरवली तर प्रोटोकॉल बफर्सचे बाइट म्हणजे नुसते नंबर. ५ नंबरला ८५० आहे हे कळेल. व्याज की दंड, देव जाणे.

हा अनुभव मराठी माणसाला नवीन नाही. युनिकोडच्या आधीच्या काळातल्या फाइल आठवा. शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की रोमन अक्षरांची खिचडी. वर्तमानपत्रांच्या साइटवर 'आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना. बाइट तेच होते, त्यांचा अर्थ मात्र फॉन्टमध्ये होता. फॉन्ट हाच स्कीमा, आणि तो फाइलसोबत प्रवास करत नव्हता. त्या काळातल्या कितीतरी कथा, पत्रिका, हिशोब अजून सीडींवर पडून असतील, वाचणारा फॉन्ट शोधत.

यासाठी मला ॲव्ह्रोची पद्धत आवडते. डग कटिंग यांनी २००९ मध्ये हडूपच्या घरात हे सुरू केलं. त्याच्या डेटा फाइलच्या सुरुवातीलाच, ज्या स्कीमाने फाइल लिहिली तो अख्खा स्कीमा जेसॉनमध्ये ठेवलेला असतो. पुढचा डेटा घट्ट बायनरी, प्रत्येक जागेला नंबरसुद्धा नाही. वाचणारा स्वतःचा स्कीमा घेऊन येतो आणि दोन्ही शेजारी ठेवून नावाने जुळवतो. नवी जागा जुन्या डेटात नसेल तर ठरवून दिलेलं डीफॉल्ट मूल्य. खोक्याच्या आतच यादी ठेवल्यासारखं. एकेकटा छोटा रेकॉर्ड साठवायचा तर दर वेळी स्कीमा चिकटवणं महाग पडतं, तिथे नंबरवाली पद्धत बरी. लाखो रेकॉर्डची फाइल जपायची तर ॲव्ह्रो. आणि नंबरवाली पद्धत घेतलीत तर स्कीमाची फाइल बॅकअपमध्ये डेटाच्या शेजारीच ठेवा. ती फक्त कोडच्या रिपॉझिटरीत असेल तर एक दिवस प्रोजेक्ट बंद होईल, रिपॉझिटरी जाईल, आणि बाइट पोरके होतील.

'जुना सगळा डेटा एकदाच नव्या रूपात बदलून टाकू, कटकट संपली' असंही काही जण म्हणतात. जमत असेल तर जरूर करा. पण मुख्य डेटाबेस बदलाल, तिमाही बॅकअपच्या टेपचं काय? ऑडिटरला दिलेल्या प्रतीचं काय? फोनमध्ये सहा महिने ऑफलाइन पडलेल्या ॲपचं काय? तुमच्या हातात नसलेली एक तरी प्रत कुठेतरी असतेच.

हे सगळं पाळता येतं का? येतं. एसक्यूलाइट बघा. त्यांचा सध्याचा फाइल फॉरमॅट २००४ चा. तेव्हाची फाइल आजच्या आवृत्तीत उघडते, आणि २०५० पर्यंत पाठिंबा देऊ असं त्या लोकांनी जाहीरपणे म्हटलं आहे. फाइलच्या सुरुवातीला दोन वेगळे बाइट आहेत: एक सांगतो 'वाचायला निदान एवढी समज हवी', दुसरा 'लिहायला एवढी'. लिहिण्याची समज कमी पडली तर प्रोग्राम फाइल नुसती वाचतो, तिला हात लावत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटा जपण्यासाठी सुचवलेल्या फॉरमॅटमध्ये तो आहे. त्यामागे जादू नाही, वर्षानुवर्षांची शिस्त आहे.

आपल्यापुरती शिस्त थोडक्यात सांगायची तर एवढीच. नंबर गाडला की गाडला. नवी जागा नेहमी ऐच्छिक. अर्थ बदलायचा तर नवी जागा काढा, जुन्या जागेत नवा अर्थ कोंबू नका. रुपयांचे पैसे करणं हासुद्धा अर्थ बदलणंच आहे. न समजलेलं जपा. स्कीमा डेटाशेजारी ठेवा. आणि एक स्वस्त, पण क्वचितच दिसणारी गोष्ट: प्रत्येक आवृत्तीने लिहिलेली एकेक खरी फाइल (नावं-आकडे बदलून) टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि नवीन कोड दर वेळी त्या सगळ्या फाइल उघडून बघू दे. दंडाचा तो साडेआठ रुपयांचा घोळ या टेस्टने पाच सेकंदांत पकडला असता.

आपल्या धंद्यात दोन-तीन वर्षांत माणूस नोकरी बदलतो. ज्याने नंबर दिला तो, ज्याने काढला तो आणि ज्याने परत वापरला तो हे तिघं बऱ्याचदा एकमेकांना कधी भेटलेले नसतात. त्या तिघांमध्ये बोलणं होण्याची एकच जागा आहे, ती स्कीमाची फाइल. म्हणून तिथे काही काढताना एक ओळ जास्त लिहा: काय होतं, कधी काढलं, का काढलं. ती ओळ वाचणारा तुम्हाला ओळखत नसेल. आणि ज्यांच्या ठेवीची पावती कपाटात साड्यांखाली आहे त्यांना तर तुम्ही दोघंही माहीत नाही. त्यांचं काम मात्र बिनबोभाट होऊन जाईल.

असो. चहा एव्हाना निवला असेल, गरम करून घ्या.